चिकट टायर आणि यवतेश्वरचा घाट: नऊ महिन्यांनंतर

गाडी 2018 ची पेट्रोल स्विफ्ट, टायरचं मूळ माप 185/65 आर15, म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 15 इंची. मे 2024 मध्ये चारही टायर बदलले. साधे न घेता जरा जास्त पकडीचे, दुकानदार ज्याला ‘परफॉर्मन्स’ म्हणतात ते घेतले, आणि तेही एक माप रुंद, 195/60 आर15. आता 11,400 किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की माणसं टायर सोडून कंपनीवरच बोलायला लागतात, आणि मला जे सांगायचंय ते या जातीच्या बहुतेक टायरना लागू आहे.

आधी बदलायची वेळ का आली ते सांगतो. जुने टायर 46,000 चालले होते. नक्षीची खोली अजून तीन मिलिमीटरच्या आसपास होती, म्हणजे 1.6 च्या कायदेशीर खुणेपेक्षा बरीच वर. मी त्या भरवशावर होतो. सासुरवाडी साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्याला, त्यामुळे यवतेश्वरचा घाट महिन्यातून तीन-चार वेळा होतोच. 2023 च्या सप्टेंबरात भुरभुर पावसात उतरत होतो, वेग जेमतेम चाळीस, आणि वळणावर म्हैस आडवी. ब्रेक दाबला तर पायाखाली एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नुसतं खडखडलं आणि गाडी घसरगुंडीवर बसल्यासारखी पुढे. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. म्हशीमागचे आजोबा शांतपणे म्हणाले, “पावणं, जरा दमानं.” म्हैस हललीसुद्धा नाही.

घरी येऊन टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचला: 3318. म्हणजे 2018 सालचा 33 वा आठवडा. नखानं दाबून पाहिलं तर रबर खुरप्याच्या मुठीसारखं टणक. नक्षी पाणी बाहेर काढते हे खरं, पण रस्त्याला धरतं ते रबर, आणि ते उन्हानं आणि वयानं वाळलं होतं. तरी तो हिवाळा आणि उन्हाळा रेटलाच. पैशाचं काम, दुसरं काय.

निवडताना डोकं बरंच पिकलं. 15 इंची रिमला खरे स्पोर्ट टायर आपल्याकडे फारसे मिळत नाहीत. एका बाजूला मिशेलिनच्या प्रायमसी 4 एसटीसारखे शांत, आरामाचे टायर, दुसऱ्या बाजूला मऊ रबराचे, कडक बाजूचे. ट्रेडवेअर म्हणून एक आकडा टायरवर छापलेला असतो. माझ्या जुन्यावर 420 होता, जे घेतले त्यांवर 300. आकडा मोठा तर टायर जास्त टिकाऊ, असा ढोबळ अर्थ. पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नये. भार आणि वेगाची खूण मात्र नीट बघावी. जुन्यावर 88 होता, म्हणजे एका टायरला 560 किलो. रुंद टायर घेतानाही 88 च धरला, त्याखाली उतरलो नाही. वेगाची खूण ‘व्ही’ मिळाली, म्हणजे ताशी 240. आमची स्विफ्ट अजिंक्यताऱ्यावरून ढकलली तरी तिथवर पोचायची नाही.

माप बदलण्याचा हिशेब सोपा आहे. जुन्याचा व्यास 621.5 मिलिमीटर, नव्याचा 615. फरक एक टक्का. एवढ्यानं स्पीडोमीटर बिघडत नाही, टायर कुठे घासतही नाही.

दुकानात पहिल्यांदा 2222 शिक्क्याचे टायर पुढे आले, म्हणजे दोन वर्षं गोदामात पडलेले. ताजे मागितले तर शेठ म्हणाले, “सायेब, टायर काय दूध हाय व्हय नासायला?” नीट ठेवला तर टायर दोन वर्षांत वाया जात नाही, शेठचं तेवढं बरोबर होतं. पण पूर्ण किंमत मोजायची तर दोन वर्षं आपण का सोडायची? चार दिवस थांबलो, 0924 चे आले. टायर, वॉल्व, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं मिळून 29,200. जुन्याचे 1,600 परत मिळाले.

आता एक गंमत. या टायरची नक्षी आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळी असते आणि बाजूवर ‘आउटसाइड’ असं छापलेलं असतं. दुकानातल्या पोरानं चारपैकी एक टायर रिमवर उलटा चढवला. मीही बघितलं नाही, कारण मी चहा पीत होतो. तीनशे किलोमीटर झाल्यावर वाईला गाडी लावून उतरलो तर मागच्या उजव्या चाकावर बाहेरून ‘इनसाइड’ वाचायला मिळालं. परत जाऊन फिरवून घेतला, बॅलन्सिंग पुन्हा. तेव्हा चहा नंतर घ्या, आधी चारही चाकांभोवती एक चक्कर मारा.

पावसाळ्यानं पैसे वसूल केले. जुलैत समर्थ मंदिराकडून वर चढायला लागलं की रस्ता कधी कोरडा म्हणून नसतोच, आणि वर धुकं. त्याच म्हशीच्या वळणावर, मागे कोणी नाही असं बघून, चाळीसच्या वेगानं मुद्दाम जोरात ब्रेक मारून पाहिला. एबीएस जेमतेम एकदा कुरकुरलं आणि गाडी जागच्या जागी बसली. अंतर फुटपट्टीनं मोजलेलं नाही, पण पहिल्यापेक्षा गाडीची लांबी-दीड लांबी तरी आधी थांबली असेल. हा फरक नव्या रबराचा किती आणि महाग रबराचा किती, हे मला वेगळं करता येणार नाही. पाच वर्षांच्या टायरनंतर कुठलाही नवा टायर देवच वाटतो.

जिथे काहीच फरक नाही तेही ऐका. घाटात डोंगरातून वाहून आलेला लाल चिखल, कठड्याकडेचं शेवाळ आणि शेण. यांच्यावर महाग टायरही तितकाच घसरतो. ऊस सुरू झाल्यावर कोरेगावच्या रस्त्यावर ट्रॉल्यांमधून पडलेलं पाचट पहाटेच्या दवानं भिजतं, त्यावरही तेच. आणि महामार्गावर साचलेल्या पाण्यात रुंद टायर हलक्या गाडीला जरा लवकर तरंगवतो. भुईंजच्या पुढे एकदा ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग क्षणभर पोकळ झालं. जुन्या मापाला, नक्षी नवी असताना, तिथे असं कधी झालेलं आठवत नाही.

दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा शिरवळला कामाला जातो. पुण्याच्या दिशेनं खंबाटकीचा बोगदा संपला की उतार आणि वळणं एकदमच येतात, पुढे ट्रकचे ब्रेक लाल झालेले असतात. तिथे गाडी आता एका रेषेत वळते, पूर्वीसारखी आधी झुकून मग विचार करत नाही. स्टिअरिंग किंचित जड झालंय, मला ते आवडतं, बायकोला नाही.

आवाजाचं रडगाणं थोडक्यात. खडबडीत डांबरावर साठच्या पुढे घों-घों येतो, गाणी दोन खुंट्या वर करावी लागतात. छोटे खड्डे पाठीला कळतात. मायलेज महामार्गावर 18.5 वरून 17.6 वर आलं. त्यातही चाक एक टक्का लहान असल्यानं ओडोमीटर किंचित जास्त दाखवतो, म्हणजे खरी घट त्याहून थोडी मोठी. हवा मी सकाळी टायर गार असतानाच बघतो, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच.

आता दुखणं. नोव्हेंबरात मेढ्याच्या रस्त्यावर संध्याकाळी खड्ड्यात डावं पुढचं चाक दणकलं. हवा गेली नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की असा फुगा येतो. त्याला पंक्चरसारखा इलाज नाही, आणि तो कधी फुटेल याचा नेम नाही. वॉरंटी बनावटीच्या दोषाला असते, खड्ड्याला नसते. नवा टायर 7,100 ला पडला.

पहिले दोन दिवस मी मापाला शिव्या घातल्या. बाजू बुटकी केली म्हणून झालं, असं वाटलं. मग कागदावर मांडलं: 185 चे 65 टक्के म्हणजे 120 मिलिमीटर, 195 चे 60 टक्के म्हणजे 117. तीन मिलिमीटर! एवढ्यासाठी टायर फुटत नाही. खरी गोष्ट ही, की त्या रस्त्यावर मी पूर्वी पंचेचाळीस-पन्नासनं जायचो आणि त्या दिवशी सत्तरवर होतो. गाडी वळणात पकडून बसते, मग पाय आपोआप खाली जातो, आणि ते कळतही नाही. बायकोनं ते माझ्याआधी ओळखलं होतं. ऑगस्टमध्येच म्हणाली होती, “टायर बदलले, गाडी तीच आहे, तुम्ही बिघडलात.”

झीज तशी ठीक आहे. पाच हजारांवर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले होते. नवे असताना 8 मिलिमीटर होते, आता पुढे 6.4, मागे 6.8. मी तीन मिलिमीटरवर बदलणार, कारण आमच्याकडच्या पावसात त्याखाली चालवण्यात अर्थ नाही. या हिशेबानं 40,000 पर्यंत जातील. नवा एकटा टायर मागे लावलाय, कारण ओल्यात मागचं चाक सुटलं तर गाडी फिरते, आणि ती सावरणं माझ्यासारख्याच्या हातचं नाही.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर याच जातीचा घेईन, पण मूळच्या 185/65 मापात. रुंदीनं मला वळणात थोडं दिलं आणि साचलेल्या पाण्यात परत काढून घेतलं. फक्त महामार्गावर आणि गावातच फिरणारे असाल तर शांत टायर घ्या, उरलेल्या पैशांत जुन्या बुशिंगचं, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांचं, काम करून घ्या.

फुगलेला टायर दुकानात चारशेला मागत होते. दिला नाही, सासऱ्यांनी नेला. आता तो त्यांच्या अंगणात मातीनं भरलाय आणि त्यात गवती चहा लावलाय.