नव्या मदरबोर्डवर माझंच कोकम सरबत

१६ मे, सकाळी साडेअकरा. टेबलावर लॅपटॉप, शेजारी कोकम सरबताचा ग्लास आणि मध्ये माझं कोपर. अर्धा ग्लास कीबोर्डात गेला. मी जीएसटीची रिटर्न्स भरून देते आणि त्यांची २० तारखेची मुदत डोक्यावर होती, हे आधीच सांगून ठेवते. कारण "एवढी घाई कसली होती?" असं विचारणारे असतातच. आमच्या घरात एक आहेत.

पहिली चूक माझीच. वरवर पुसलं आणि चालू होतो का म्हणून तीनदा बटण दाबलं. ओल्या मदरबोर्डात, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटात, वीज सोडली की तो जळू शकतो, आणि सरबतात तर मीठही होतं. चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा आणि मग हात लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवून काहीही होत नाही.

संध्याकाळी चार्जर लावला की चार्जरचाच दिवा विझायला लागला. गल्लीतल्या दुकानात नेला. त्याने एक स्क्रूसुद्धा न काढता निकाल दिला, "ताई, मदरबोर्ड गेला." चेकिंगचे ५००, बोर्डाचे १४,५००, त्यातले ६,००० आगाऊ. बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं असेल तर १८ टक्के वर. म्हणजे २,६१०. मी हिशोब केला आणि गप्प बसले. आयुष्यभर लोकांना "बिल कुठंय?" म्हणून झापणारी मी, वहीच्या फाडलेल्या चिटोऱ्यावर समाधान मानून घरी आले.

१९ तारखेला लॅपटॉप मिळाला. उरलेले ८,५०० दिले, शिवाय "बॅटरीपण फुगली होती, बदलली" म्हणून २,२००. एकूण १७,२००. जुना बोर्ड मागितला तर तो म्हणे एक्स्चेंजमध्ये गेला.

आणि आता तो क्षण, ज्यासाठी मी स्वतःला अजून शिव्या घालते. काउंटरवर लॅपटॉप सुरू केला, नेहमीचा चार आकडी पिन टाकला आणि तो चालला. माझ्या मनात आलंसुद्धा, "अरे वा, नवीन बोर्ड असून सगळं जसंच्या तसं!" विंडोजचा पिन बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षेच्या चिपशी बांधलेला असतो. बोर्ड खरंच बदलला असता तर पिन नव्याने लावायला सांगितलं असतं. पुरावा माझ्याच बोटांखाली होता आणि मी खूश होऊन त्याला थँक्यू म्हणाले.

अकराव्या दिवशी लॅपटॉप पुन्हा मेला. दुकानदार म्हणाला, "परत काहीतरी सांडलं असेल." मग भाच्याच्या ओळखीच्या कारागिराकडे गेले. त्याने माझ्यासमोर उघडला. बोर्डावर लालसर चिकट डाग, कडेला हिरवट गंज. नव्या बोर्डावर माझंच सरबत! जळलेला एक कपॅसिटर तेवढा बदललेला, बोर्ड धुतलाच नव्हता, म्हणून मीठ त्याला खात राहिलं. "नव्या" बॅटरीवर तारीख २०२१ ची, म्हणजे मी लॅपटॉप घेतला तेव्हाची. या कारागिराने बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, चार्जिंगची चिप बदलून १,८०० घेतले. बिलासकट.

चौकीत गेले. साहेब म्हणाले, हा दिवाणी मामला. दुसऱ्या दिवशीचे साहेब म्हणाले, १९३० ला फोन करा. अहो, तो नंबर ऑनलाइन फसवणुकीचा, आणि माझा चोर पाटी लावून बसलाय चौकीपासून चार मिनिटांवर! तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. शिक्का! दीड तास बाकावर बसवलं आणि वर "शिकलेल्या बायका असून बिल घेत नाही?" हेही ऐकवलं. पैसे यूपीआयने दिले होते म्हणून बँकेलाही विचारलं. तिचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. बरोबर आहे, मीच टाकला.

लॅपटॉप दुकानात ठेवण्याआधी आतल्या एसएसडी (फायली साठवणारा भाग) आणि रॅमच्या (मेमरीच्या) सिरीयल नंबरचे फोटो काढा. बोर्ड बदलणार असतील तर जुना परत द्यायचा, हे आधी लिहून घ्या. पैसे रोख देऊ नका. माझ्याकडे आज पुरावा म्हणून यूपीआयच्या नोंदीच आहेत. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं.

आयोगाकडे जाण्याआधी दुकानदाराला पोस्टाने नोटीस पाठवायची ठरवली. चिटोऱ्यावर पत्ताच नव्हता, म्हणून गल्लीत जाऊन पाटीवरून उतरवून घेत होते. तो आतून म्हणाला, "या ताई, काय बिघडलंय?" त्याने मला ओळखलंसुद्धा नव्हतं.