तयार काडतुसं की घरी भरलेली?

काडतुसं विकत घ्यायची, की वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळीत) बंदुकीची दारू आणि गोळी घरी पुन्हा भरायची? पॉइंट टू-टूवर (.२२ कॅलिबरवर) सराव करणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. त्या रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो. एकदा पिन आदळली की पुंगळी भंगारात. विचार करायचा तो सेंटरफायरवाल्यांनी (त्यांच्या काडतुसात तो मसाला बुडाच्या मधोमध वेगळ्या टोपीत, म्हणजे प्रायमरमध्ये, असतो), आणि तोही आपल्याकडचा परवान्याचा कायदा आधी बघून.

पण तिथेही सरसकट एकच उत्तर नाही. पिस्तुलाची ९ एमएमची काडतुसं कारखान्यात प्रचंड संख्येने बनतात, त्यामुळे मुळातच स्वस्त. घरी भरून सुटतात ते किरकोळ पैसे. सिंगल-स्टेज प्रेसवर (काडतूस भरायच्या, एका वेळी एकच काम करणाऱ्या यंत्रावर) एकेक पुंगळी प्रत्येक डायखाली (साच्याखाली) पुन्हा पुन्हा न्यायची, यात सुट्टीचा दिवस जातो. प्रोग्रेसिव्ह प्रेस दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस देतो, पण त्याची किंमत वसूल व्हायला तितकं झाडावंही लागतं. अधूनमधून रेंजवर जाणाऱ्याने सरळ तयारच घ्यावीत.

लांब पल्ल्याच्या रायफलचं गणित उलटं. मॅच (स्पर्धेच्या) दर्जाचं तयार काडतूस महाग असतं, आणि त्यातली पितळी पुंगळीच पुन्हा वापरता येते. शिवाय कारखान्याला आपला माल त्या कॅलिबरच्या प्रत्येक रायफलीत चालवायचा असतो. तुम्ही मात्र गोळी किती आत बसवायची हे तुमच्याच चेंबरला (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेला) धरून ठरवू शकता. नेमबाजीतला खरा फायदा इथे आहे. दुकानात न मिळणाऱ्या जुन्या कॅलिबरवाल्यांना तर विचारायलाच नको.

मात्र रायफलच्या पुंगळ्या थकतात. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं की पुंगळी तिथे आतून पातळ झाल्याचा संशय घ्यायचा. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवायची. खाचेत अडकली तर पुंगळी बाद.

पिस्तुलात धोका वेगळा. काही दारू इतकी थोडी लागते की चुकून दुप्पट पडली तरी पुंगळीत मावते. अजिबात पडली नाही, तर नुसता प्रायमर गोळी नळीत ढकलून अडकवतो, आणि त्यावर पुढचा बार केला की नळी फुटू शकते. म्हणून टेबलावर एका वेळी एकच दारू, माप छापील लोड-पुस्तकातलंच (कुठल्या गोळीला किती दारू ते सांगणाऱ्या) आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. गप्पा मारत काम करायची सवय असेल, तर हा छंद तुमचा नव्हे. बऱ्याच बंदूक कंपन्या घरी भरलेल्या काडतुसाने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

अजून ठरत नसेल तर सध्या तयारच वापरा, फक्त पुंगळ्या टाकू नका. आत डोकावून बघा: तळाशी मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, पुन्हा भरायला सोपी, ठेवा, दोन बारीक भोकं असतील तर बर्डन, भंगारात द्या.