मेंदूत नव्या पेशी वाढवण्याचा ‘कोर्स’ : नेरुळमधील एका शिबिराचा अनुभव

मेंदूत नव्या पेशी निर्माण करून स्मरणशक्ती परत आणणारे औषध म्हणून माझ्या वडिलांना ज्या गोळ्या विकण्यात आल्या, त्यांच्या बाटलीवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे इंग्रजीत, भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत छापलेले होते. सहा महिन्यांच्या या ‘कोर्स’चे ४८,००० रुपये त्यांच्याकडून आगाऊ घेण्यात आले. ही विक्री कशी झाली ते सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तेथे सांगितलेल्या कित्येक गोष्टी खऱ्या होत्या आणि शिकलेली, विचारी माणसे अशा विक्रीला बळी पडतात ती नेमकी त्यामुळेच.

वडील बँकेतून निवृत्त झालेले, वय ७१. काही काळापासून ओळखीच्या माणसांची नावे त्यांना वेळेवर आठवत नव्हती आणि त्याची त्यांनी मनातून धास्ती घेतली होती, कारण माझी आजी शेवटी शेवटी घरच्या माणसांनाही ओळखत नसे. नेरुळमध्ये आमच्या घराजवळच्या एका सोसायटीच्या सभागृहात मोफत स्मरणशक्ती तपासणीचे शिबिर भरले, तेव्हा ते आईला घेऊन तेथे गेले. टॅबलेटवर शब्दांची लांबलचक यादी भराभर दाखवून ती लगेच म्हणायला सांगितली गेली, आणि थोड्याच वेळात वडिलांच्या हाती रंगीत छापील अहवाल आला. त्यात त्यांच्या ‘मेंदूचे वय’ ८४ असल्याचे लिहिले होते आणि शेजारी लाल डाग असलेले मेंदूचे चित्र होते. शब्द आठवण्याच्या चाचणीतून मेंदूचे चित्र निघत नाही, त्यासाठी एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावा लागतो. शेजारच्या काकूंच्या अहवालातही तेच चित्र आणि त्याच जागी तेच डाग असल्याचे आम्हाला पुढे दोन्ही कागद एकत्र पाहिल्यावर समजले.

‘काका, तुमच्या मेंदूत आजही नव्या पेशी जन्माला येतात, आम्ही फक्त त्यांचा वेग वाढवतो,’ असे तेथील प्रतिनिधीने वडिलांना समजावले आणि १९९८ सालच्या एका संशोधनाचा दाखला दिला. हे संशोधन खरोखर झालेले आहे. पीटर एरिक्सन, फ्रेड गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या पाच रुग्णांच्या मेंदूंचा त्यांच्या मृत्यूनंतर अभ्यास केला आणि आठवणींशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात प्रौढ वयातही नव्या चेतापेशी तयार होत असल्याचा पुरावा मांडला. मात्र २०१८ साली एका गटाला प्रौढांच्या मेंदूत अशा पेशी जवळजवळ आढळल्याच नाहीत, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाला त्या वृद्धांच्या मेंदूतही सापडल्या, हे काही प्रतिनिधीने सांगितले नाही. माणसात या पेशी किती प्रमाणात निर्माण होतात यावरच शास्त्रज्ञांचे एकमत नसताना, त्या वाढवणारी गोळी तयार असल्याचा दावा कोणत्या आधारावर केला जातो, हा प्रश्न तेथे कोणी तरी विचारायला हवा होता, पण प्रश्नांना वेळच ठेवलेला नव्हता.

औषधांचा इतिहास तर अधिकच स्पष्ट आहे. उंदरांमध्ये नव्या पेशींची वाढ किंवा जगण्याचे प्रमाण वाढवणारी काही रसायने प्रयोगशाळांना निश्चितच सापडली आहेत. परंतु त्यांपैकी एनएसआय-१८९ हे औषध नैराश्याच्या रुग्णांवरील चाचणीत २०१७ साली मुख्य निकषावर अपयशी ठरले, आणि अल्झायमरसाठी मोठी आशा बाळगलेले डायमेबॉन २०१० साली तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत अयशस्वी झाले. नव्या चेतापेशी निर्माण करून माणसाची स्मरणशक्ती सुधारते म्हणून मान्यता मिळालेले एकही औषध आज उपलब्ध नाही. त्यामुळे कोणी असे औषध दाखवले, तर ‘माणसांवर, आणि स्मरणशक्तीसाठीच, याची चाचणी कोठे झाली?’ एवढेच विचारावे आणि उत्तरात उंदीर आले की तेथून उठावे.

वडिलांना काहीच फरक जाणवेना, तेव्हा गोळ्या विकणाऱ्यांच्या वाशीतल्या कार्यालयातून उत्तर मिळाले की नव्या पेशी परिपक्व व्हायला काही महिने लागतात, धीर धरावा. नवी पेशी कामाला लागायला कित्येक आठवडे जातात, हेही शास्त्रीय सत्यच आहे, पण येथे त्याचा उपयोग पैसे परत करण्याची मुदत टळून जावी एवढ्यासाठीच केला गेला. मुदत संपल्यावर फोन उचलणे बंद झाले. पावती पाहिली, तर तिच्यावर गोळ्यांचा उल्लेखच नव्हता, संपूर्ण रक्कम ‘आरोग्य समुपदेशन’ या नावाखाली दाखवलेली होती.

पैशांपेक्षा मला अधिक राग आहे तो वाया गेलेल्या वेळाचा. वडील मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेतात आणि शाकाहारी आहेत. या दोन्ही कारणांनी शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्या कमतरतेमुळे विसराळूपणा येतो. आमच्या डॉक्टरांनी साध्या रक्ततपासणीत ती कमतरता शोधली आणि इंजेक्शने सुरू केली. थायरॉइडचे विकार, नैराश्य आणि झोपेच्या काही गोळ्या यांमुळेही स्मरणावर परिणाम होतो, आणि ही सर्व कारणे तपासून त्यांवर उपाय करता येतात. शिबिरात मात्र रक्ततपासणीचा विषयही निघाला नाही, उलट ‘इतर डॉक्टर फक्त गोळ्या वाढवतात’ असे सांगून वडिलांना नेहमीच्या डॉक्टरांपासून दूर ठेवले गेले. मेंदूच्या विकारांवर औषध म्हणून जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, हेही येथे नोंदवते.

वडील कित्येक दिवस हा विषय काढू देत नव्हते, त्यांना लाज वाटत होती. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे, हे त्यांना पटवण्यातच आमचे बरेच बळ खर्च झाले. अखेर त्यांनी स्वतःच्या सहीने अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क लागत नाही, म्हणून तो अर्जही आम्ही तयार करत आहोत. अशाच शिबिरातून ज्यांनी गोळ्या घेतल्या असतील, त्यांनी रिकामी बाटलीसुद्धा फेकू नये. तिच्यावरील बॅच क्रमांक व परवाना क्रमांक, शिबिराचे पत्रक, छापील अहवाल आणि फोनवरील संदेश हे सर्व अर्जासोबत जोडावे लागते.