ग्रीस ट्रॅप, आठ महिन्यांनंतर: तवंगापेक्षा तळाचा गाळ जास्त छळतो

ग्रीस ट्रॅप म्हणजे सिंकच्या पाण्यातलं तेल आणि खरकटं गटारात जाण्याआधी अडवणारी पेटी. वापराची जागा आधी सांगतो, कारण ट्रॅप चालतो की नाही हे त्यावरच ठरतं. पुण्यातलं ८० आसनांचं उपाहारगृह. सकाळी पोहे, वडे, मिसळ, दुपारी राइसप्लेट, संध्याकाळी भजी आणि चहा. भांडी हाताने घासली जातात, तीन खणांच्या सिंकवर. ट्रॅप स्टीलचा, मापं देऊन बनवून घेतलेला: ९०० मिमी लांब, ५०० रुंद, ५०० उंच, आतल्या पाण्याची पातळी ३५० मिमी. म्हणजे आत सतत उभं राहणारं पाणी १५७ लीटर. ऑक्टोबरात बसवला; थंडी आणि कडक उन्हाळा दोन्ही त्याने पाहिले. पुन्हा घ्यायचा झाला तर हाच प्रकार घेऊ, पण काही गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या करून.

मापाचं गणित नीट समजून घ्या, कारण विकणारे ट्रॅपचा आकार लीटरमध्ये सांगतात आणि आपण विचारायला हवं ते मिनिटाला किती लीटर पाणी तो झेलतो. सिंकचा एक खण ६० × ४५ × ३० सेमी, म्हणजे ८१ लीटर. तीन खण २४३. खण काठोकाठ कोणी भरत नाही, म्हणून पाऊण हिस्सा धरा: १८२ लीटर. हे पाणी दोन मिनिटांत निघून जात असेल तर ट्रॅपवर मिनिटाला ९१ लीटरचा लोंढा येतो. १५७ लीटरच्या पेटीत ते पाणी पावणेदोन मिनिटंसुद्धा थांबत नाही, आणि तेलाच्या बारीक थेंबांना वर यायला तेवढा वेळ पुरत नाही. यावर उपाय म्हणजे ट्रॅपच्या आधी पाइपात छिद्राची चकती बसवून लोंढा ५० लीटरवर आणायचा. पाणी तीन मिनिटांच्या वर थांबतं आणि फरक पुढच्या चेंबरमध्ये लगेच दिसतो. फक्त सिंक सावकाश रिकामं होतं, म्हणून गर्दीच्या वेळी कुणीतरी ती चकती काढून ठेवतं. महिन्यातून एकदा ती जागेवर आहे का ते पाहा.

आता गाळ. ट्रॅप म्हटला की सगळे तेलाचं बोलतात. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात मात्र वरचा तवंग सावकाश वाढतो आणि तळ झपाट्याने भरतो. भाताची शितं, बेसनाचा घोळ, इडलीच्या पिठाचं धुवण, डाळीचा साका, पोह्यांचा भुगा, चहाचा चोथा हे सगळं तेलाला चिकटून जड होतं आणि खाली बसतं. आतलं चित्र बघायला हात घालायची गरज नाही. पाऊण मीटर लांबीची पारदर्शक अॅक्रिलिकची नळी घ्या, उभी सरळ तळाला टेकेपर्यंत सोडा, वरचं तोंड अंगठ्याने दाबून बाहेर काढा. वर पिवळट, सायीसारखा थर. मध्ये राखाडी पाणी. खाली काळा, पेजेसारखा गाळ. दोन्ही थर पट्टीने मोजा. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्शाला पोचले की साफसफाई करायची, हा जगभर चालणारा नियम आहे. ३५० मिमीला तो ८७ मिमी येतो. इथे साधारण सातव्या-आठव्या दिवशी ती वेळ येते, आणि त्यातला दोन तृतीयांश भाग गाळाचाच असतो.

गाळ एवढा महत्त्वाचा का, तर बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड तवंगाच्या खाली पण तळाच्या वर ठेवलेलं असतं, म्हणजे मधलं स्वच्छ पाणी तेवढं निघावं. या ट्रॅपमध्ये ते तोंड तळापासून ८० मिमीवर होतं. गाळ ६० मिमीपर्यंत आला की सिंक सोडल्यावर उठणारा प्रवाह तो खरवडून पुढे नेतो. वरचा तवंग पातळ दिसतो, सगळं ठीक वाटतं, आणि तिकडे ड्रेनेजच्या पाइपात पीठ आणि तेलाचा गोळा बसतो. आता ते तोंड १२० मिमीवर घेतलंय. ऑर्डर देतानाच हे माप लिहून द्या.

दुसरा दोष हवेचा. बाहेर जाणारा पाइप साधा कोपरा लावून खाली उतरवला होता. पाणी जोरात गेलं की पुढचा भरलेला पाइप ट्रॅपमधलं पाणी ओढून घ्यायचा. सकाळी पातळी चार-पाच सेंटिमीटर खाली दिसायची आणि सिंकच्या जाळीतून गुडगुड आवाज. पातळी उतरली की तवंगही खाली, बाहेरच्या तोंडाच्या जवळ येतो. कोपरा काढून टी (तीन तोंडांचा जोड) लावली, तिचं वरचं तोंड पाण्याच्या वर उघडं ठेवलं आणि ४० मिमीचा हवेचा पाइप छपराच्या वर नेला. गुडगुड थांबली, स्वयंपाकघरातला वासही बराच कमी झाला. पुढचा ११० मिमीचा पाइप १:६० पेक्षा सपाट ठेवू नका. ९० अंशांच्या एका कोपऱ्याऐवजी ४५ अंशांचे दोन घ्या. गोळे कोपऱ्यातच बसतात.

झाकणाचं गॅस्केट साध्या रबराचं आलं होतं. तेलाने ते दोन महिन्यांत फुगून खाचेबाहेर आलं. नायट्रिल रबराचं बसवल्यापासून तक्रार नाही. ३०४ दर्जाचं स्टील सांगून हलकं २०२ देण्याचे प्रकार होतात. चुंबकाने फरक कळेलच असं नाही. बाजारात मिळणाऱ्या, स्टील तपासायच्या द्रावणाचा थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी टेकवली की २०२ वर लाल डाग उमटतो. पत्रा खऱ्या ३०४ चा असला तरी ब्लीच ओतू नका, क्लोराइडने वेल्डिंगच्या रेषेत आणि पाण्याच्या पातळीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात.

साफसफाई सकाळी, पहिलं पाणी सोडण्याआधी. रात्रभर थंड राहिल्याने तवंग घट्ट होतो आणि झाऱ्याने सलग उचलता येतो. झाकण काढून दहा मिनिटं थांबा, खिडक्या उघड्या. आधी तवंग झाकणाच्या बादलीत. मग मधलं पाणी तपेल्याने वेगळ्या पिंपात, मोरीत नाही. तळाचा गाळ सपाट फावड्याने काढा, भिंती आणि पडदे (पाणी अडवणारे आतले पत्रे) प्लास्टिकच्या खरवडणीने घासा. धातूची खरवडणी स्टीलला चरे पाडते. पिंपातलं निवळलेलं पाणी परत आत ओता आणि उरलेली जागा थंड स्वच्छ पाण्याने पूर्ण भरा. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकते. रिकामा ट्रॅप म्हणजे उघडा नळ. आत पाणी नसेल तर पहिल्या सिंकचं तेल पडद्यांच्या खालून थेट गटारात जातं. दोन माणसांना पाऊण तास पुरतो.

जमिनीखालच्या मोठ्या चेंबरला ही पद्धत लावू नका. तिथे कुजलेल्या चरबीतून हायड्रोजन सल्फाइड साठतो, आणि तो जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. सक्शनची गाडी बोलवा. आत माणूस उतरवायचा नाही, कितीही घाई असली तरी. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याचा आधार आहेच, पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं.

काढलेला तवंग लाकडाच्या भुशात मिसळून बांधायचा. बायोगॅसवाले घेत असतील तर त्यांना चरबी हवीच असते, आधी विचारून घ्या. तळणीच्या जुन्या तेलात मात्र तो कधीही मिसळू नका. एका मगाने जुनं तेल घेणारा सगळा डबा नाकारतो. तळणीचं तेल मोरीत जाणारच नाही अशी वेगळी कॅन ठेवा. एफएसएसएआयने (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल वारंवार तापवल्याने तयार होणाऱ्या घटकांची, मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, आणि रोज ५० लीटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंदवही ठेवावी लागते.

उन्हाळ्यात खरी परीक्षा झाली. वनस्पती तूप ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान वितळतं, म्हणजे मे महिन्यात ट्रॅपमध्ये ते घट्ट होतच नाही, पातळ राहून पाण्याबरोबर निसटतं. थंडीत उलट: ट्रॅप उत्तम काम करतो, पण जे निसटतं ते पुढच्या पाइपात गोठतं. म्हणून ट्रॅप भट्टीच्या बाजूला नको. भाताची उकळती पेज आणि बॉइलरचं पाणी थेट सोडायचं नाही, पातेल्यात निवू द्यायचं. भांडी धुण्याचं यंत्र असेल तर त्याचं गरम, साबणाचं पाणी या ट्रॅपला जोडू नका. ६० अंशांच्या पाण्यात धरलेली चरबीसुद्धा सुटते.

जिवाणूंची पावडर तीन महिने वापरून पाहिली. रात्री शेवटच्या पाण्यानंतर टाकली तर वास कमी होतो. गाळ कमी होत नाही, साफसफाईचा दिवस पुढे जात नाही. फक्त एन्झाइमची द्रावणं घेऊ नका. चरबी तात्पुरती फुटून पुढे जाते आणि पाइपात पुन्हा जमते. कॉस्टिक सोडा तर अजिबात नको: चरबीचा साबण होतो, आणि बोअरच्या कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून तो दगडासारखा बसतो.

सगळ्यात मोठा फरक पडला तो ट्रॅपच्या आधी. ताटं-कढया रबरी पट्टीने निपटून कचऱ्यात, तर्रीची पातेली जुन्या वर्तमानपत्राने पुसून मग सिंकमध्ये, आणि इडलीच्या ग्राइंडरचं पहिलं धुवण बादलीत. सिंकच्या तोंडाशी ३ मिमी छिद्रांची जाळी, दिवसातून चार वेळा झटकायची. एवढं केलं की सफाईची मुदत आठ दिवसांवरून बारा-तेरा दिवसांवर गेली.

ट्रॅप बसवला की सरकारी मर्यादा आपोआप पाळली जाते, असं विक्रेते सांगतील; त्यावर जाऊ नका. सार्वजनिक गटारात तेल-ग्रीसची मर्यादा लीटरला २० मिलिग्रॅम, नदी-नाल्यात १०. साबणाने फुटून दुधाळ झालेलं तेल असा ट्रॅप पकडू शकत नाही, त्यामुळे पाणी नाल्यात सोडणाऱ्यांना पुढे प्रक्रिया लागणारच. नमुना तपासायला द्यायचा तर काचेच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकला तेल चिकटून आकडा खोटा कमी येतो. बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही, आणि प्रयोगशाळेला पूर्ण बाटली द्यायची, त्यातून थोडं ओतून नाही.