सायकलचा मागचा दिवा: लिथियम सेल की पेन्सिल सेल?

रात्रपाळी संपवून हडपसरहून सायकलने परतणारा भाचा घरीच मागचा दिवा बनवतोय. अडलाय सेलपाशी. पाच लाल एलईडी, प्रत्येकीला १०० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा), एवढं ठरलंय.

१८६५० लिथियम सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) ३.७ व्होल्टचा, तीन रिचार्जेबल पेन्सिल सेल मिळून ३.६. दोन्ही २००० एमएएचचे (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) घेतले तर दिवा वीसेक तास सहज चालतो. लिथियम हलका, छोट्या मॉड्यूलने मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो. पण शॉर्ट किंवा ओव्हरचार्ज झाल्यास सेल बंद करणारं प्रोटेक्शन सर्किट हवंच. डबीत पावसाचं पाणी शिरून शॉर्ट झालं तर आग लागू शकते. मला त्याचीच धास्ती वाटते. पेन्सिल सेल जड, चार्जर वेगळा, तरी नवख्याच्या चुका बऱ्याच पोटात घालतात. पुण्यातल्या तापकीर गल्लीत दोन्ही मिळतात.

सोल्डरिंगला हात बसलाय, रोजची फेरी आहे, तर लिथियम. पहिलाच दिवा असेल तर पेन्सिल सेलच घे.