44-18 की 44-20? बेळगावात एका गिअरच्या माउंटन बाइकचा अनुभव

26 इंची चाकं, जाड टायर, गिअर एकच. वडगावातून उद्यमबागला ड्युटीला जायला ही सायकल घेतली. आता अख्खा पावसाळा आणि त्यानंतरची थंडी तिच्यावर काढून झाली. कंपनीकडून पुढे पायडलपाशी 44 दात्यांचं चेनव्हील आणि मागच्या चाकावर 18 दात्यांचं फ्रीव्हील आलं होतं. मधल्या काळात मागे 16 आणि 20 अशी दोन्ही लावून भरपूर चालवली. ब्रेक, सीट ठीक आहेत, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते दात्यांवर.

हिशेब सोपा आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर. 26 × 1.95 टायरचा घेर साधारण 2.05 मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेरीत 44-16 ला सायकल 5.6 मीटर जाते, 44-18 ला 5 आणि 44-20 ला 4.5. मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या तर वेग ताशी 27, 24 आणि साडेएकवीसच्या आसपास. हे आकडे बघून कुणालाही 16 च घ्यावंसं वाटणार. आमचे सायकलवाले मामा मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले, "सोळा घालून काय रेस लावायची आहे काय ओ? गेटावर कळतंय बघा."

गेट म्हणजे अनगोळचं चौथं रेल्वे गेट. ते पडलं की दोन्ही बाजूंना दुचाकी, टेम्पो, ट्रॅक्टर एकमेकांना चिकटून उभे, आणि उघडलं की सगळ्यांनाच एकदम घुसायचं असतं. रूळ रस्त्यापेक्षा उंच, त्यामुळे उभ्या सायकलचं पहिलं पायडलच चढावर मारायचं. 16 वर सीटवरून उठून सगळं वजन टाकलं तरी पहिली अर्धी फेरी जाता जात नाही. हँडल डावी-उजवीकडे वळवळतं आणि मागून हॉर्न सुरू. त्यात पावसात ओला रूळ काटकोनातच ओलांडावा लागतो, चाक तिरकं गेलं की घसरलंच. हळू आणि सरळ जायचं तर पायडल हलकं पाहिजे. 20 वर बसल्या जागेवरून निघता येतं, डबा-पिशवी कॅरियरला असली तरी. 18 वर उठावं लागतं, पण झटापट होत नाही.

लोक चढाची भीती घालतात, पण कपिलेश्वर उड्डाणपुलासारखा चढ तिन्हींवर निघतो, कारण तिथं आधी वेग घेऊन येता येतं. येळ्ळूरच्या राजहंसगडाचं म्हणाल तर शेवटच्या वळणांवर मी 20 वरही उतरून ढकलतो. त्या रस्त्यासाठी दाते निवडायचे झाले तर याहून बराच हलका, खरा डोंगरी रेशो हवा, आणि तो शहरात रोज चालवणं म्हणजे पाय नुसते भिरभिरवत बसणं.

वारा मात्र हिशेबात धराच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पश्चिमेचा वारा असा सुटतो की उद्यमबागकडे जाताना सपाट रस्तासुद्धा चढ होतो. चढाला माथा तरी असतो. 16 वर त्या दिवसांत गुडघ्याच्या वरच्या बाजूला दुखायचं, 20 लावल्यावर ते थांबलं.

20 चा तोटाही सांगतो. खानापूर रोडला मोकळ्या रस्त्यावर ताशी पंचवीसच्या पुढे पाय पुरत नाहीत, स्कूटीवाले आरामात मागे टाकतात. मला त्याचं काही वाटत नाही, कामावर पोचायला लागणाऱ्या वेळेत फरक दोन-तीन मिनिटांचाच पडतो. पण सांबऱ्याकडे सपाट रस्त्याने रोज लांब जाणाऱ्याला 18 च सोयीचं. 16 कुणाला द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही.

टायर बदलणार असाल तर ते आधी बदला. 1.95 काढून 1.5 चा गुळगुळीत टायर घातला की घेर सुमारे तीन टक्क्यांनी घटतो. 18 च्या फ्रीव्हीलला ते अर्धा दाता वाढवल्यासारखंच झालं. तेवढ्यावर काम भागलं तर फ्रीव्हीलला हातही लावू नका.

हात लावायचाच असेल तर जुनं फ्रीव्हील सहज निघेल असं समजू नका. पायडल मारताना ते आट्यांवर रोज आवळत जातं. फ्रीव्हीलचा खास पाना त्याच्या खाचांत नीट बसवून तो व्हाइसमध्ये धरायचा आणि अख्खं चाक स्टिअरिंगसारखं फिरवायचं, तेव्हा ते कुरकुरत सुटतं. छिन्नी-हातोडा काढणाऱ्याकडे सायकल देऊ नका. चेन जाड, एक-अष्टमांश इंचाचीच घ्या, बारीक चेन या दात्यांवर बसत नाही. 18 चं 20 केलं तर त्याच चेनवर मागचा एक्सल फ्रेमच्या खाचेत साधारण 6 मिलिमीटर पुढे येतो, आणि त्याबरोबर रिमही. ब्रेकचे रबर आधीच्याच जागी राहिले तर रिमवर नीट बसत नाहीत, रिमच्या आत स्पोककडे उतरायला लागतात. दुकानातून निघायच्या आधी तेवढे सरकवून घ्या.