निओ-६एम जीपीएस मॉड्यूल : स्वस्त, अचूक, पण एक पिन कमी

तारा चंद्राआड जाण्याचा, म्हणजे पिधानाचा क्षण नोंदवायचा असेल तर घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तरी भरवशाचे लागते; चंद्र कक्षेत सेकंदाला सुमारे १ किलोमीटर सरकतो, त्यामुळे दशांश सेकंदाची चूक म्हणजे थेट १०० मीटरची चूक. आमच्या गच्चीवर वाय-फाय धड पोहोचत नाही आणि मोबाइलच्या डेटावरून घेतलेली वेळ कधी पुढे तर कधी मागे असे. म्हणून बुधवार पेठेतून ३८० रुपयांना निओ-६एम चिप असलेले जीपीएस मॉड्यूल आणले आणि ते जुन्या रास्पबेरी पायला, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकाला, जोडले.

जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहावर आण्विक घड्याळे असतात आणि हे मॉड्यूल त्यांची वेळ दोन वाटांनी आपल्या हाती देते. एक वाट सिरियल पोर्टवरून येणाऱ्या मजकुराची. ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरे येतात, त्यामुळे चार-पाचशे अक्षरांचा संच पोहोचेपर्यंत अर्धा सेकंद उलटून गेलेला असतो, आणि हा उशीरही दरवेळी सारखा नसतो. दुसरी वाट पीपीएसची, म्हणजे दर सेकंदाच्या आरंभी येणाऱ्या विजेच्या ठोक्याची. चिपच्या माहितीपत्रकात या ठोक्याची अचूकता ३० नॅनोसेकंद दिली आहे. सेकंद कोणता ते मजकूर सांगतो, तो नेमका केव्हा सुरू झाला ते ठोका सांगतो. ठोक्याविना हे मॉड्यूल इंटरनेटवरच्या वेळेपेक्षाही वाईट.

आणि नेमका तोच ठोका या स्वस्त बोर्डावर बाहेर काढलेला नाही. वीज, ग्राउंड, टीएक्स (मजकूर पाठवणारी) आणि आरएक्स (मजकूर घेणारी) अशा चारच पिना आहेत. ठोका लुकलुकणाऱ्या एलईडीपाशी येऊन संपतो. शेवटी त्या एलईडीच्या रेझिस्टरला केसाएवढी तार डाग देऊन लावली आणि ती पायच्या जीपीआयओ १८ या पिनेवर नेली. पहिल्या प्रयत्नात हात हलला आणि एलईडीच निघून आला, तो दोष माझा. त्यानंतर मात्र संगणकाचे घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रणालीने दाखवलेला, घड्याळ आणि ठोका यांतला फरक काही मायक्रोसेकंदांच्या आत राहिला. पायवरच्या लिनक्स या कार्यप्रणालीला ठोक्याची दखल घ्यायलाच तेवढा वेळ लागतो, तेव्हा ३० नॅनोसेकंदांची अपेक्षा मी ठेवलीही नव्हती.

सोबतचा २५ मिलिमीटरचा चिनी मातीचा अँटेना स्लॅबखाली निरुपयोगी आहे. खिडकीच्या ग्रिलवर, आकाशाकडे तोंड करून ठेवल्यावर त्याला उपग्रह सापडले. आणखी एक खोच अशी की, जीपीएसची स्वतःची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे असते. ही वजाबाकी सांगणारा संदेश पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागू शकतात आणि तोवर मॉड्यूल काही सेकंद चुकीची वेळ छातीठोकपणे सांगू शकते. बराच काळ बंद असलेले मॉड्यूल सुरू केल्यावर पाव तास त्याच्यावर विश्वास टाकू नये.

कार्यालयीन कामापुरती वेळ हवी असणाऱ्यांनी हा खटाटोप करू नये. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते आणि तिच्या सर्व्हरवरून ती वेळ संगणकाला घेता येते. नेट नसताना घड्याळ फक्त चालू राहावे एवढीच गरज असेल तर डीएस३२३१ ही सेलवर चालणारी घड्याळाची चिप पुरते. ती वर्षाला फार तर मिनिटभर चुकते. मात्र तिच्या काही निळ्या बोर्डांवर साध्या सेललाही चार्ज करू पाहणारा भाग असतो, तो आधी काढून टाकावा.

ज्याला खरोखर मिलिसेकंद मोजायचे आहेत, त्याने शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन पीपीएस पिन काढलेला बोर्ड घ्यावा. दुकानात ‘पीपीएस आहे का’ असे विचारून उपयोग नाही, मला ‘हो’ असेच उत्तर मिळाले होते. बोर्ड हातात घेऊन पाचवी पिन स्वतः मोजावी.